वडील जाऊन आठ महिने झाले, आई कुणाशी बोलत नाही. समुपदेशनाचा उपयोग होईल का?

होईल. आपल्या मराठवाड्यात तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. खरं एकटेपण चौदाव्या दिवशी सुरू होतं. समुपदेशक दुःख विसरायला लावत नाही. गेलेल्या माणसावरचा राग, ‘वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर’ ही टोचणी, सगळं बोलू देतो. घरात हेच काढलं की ‘रडू नका’ म्हणून गप्प करतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. मग हळूहळू मिटलेली खोली उघडणं, शेताकडं जाणं. सहा महिन्यांनंतरही रोजचं जगणं थांबलेलंच असेल, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर आजच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, मोफत, चोवीस तास बोलता येतं. पहिला फोन तुम्हीच लावून द्या.