कानानं वाचून बघ

सांगली, रविवार, संध्याकाळ

चि.,
अनेक आशीर्वाद.

गेल्या रविवारी जाता जाता, चपला घालताना तू विचारलंस, "काका, मराठी विकिपीडियावर काम करायचंय, कुठला नवा लेख लिहू?" मी "बघू" म्हणून वेळ मारून नेली. एक तर तुझ्या एसटीची वेळ झाली होती, आणि माझं उत्तर तुला आवडणारं नव्हतं. नवा लेख लिहू नकोस. निदान वर्षभर तरी नको. आहेत ते दुरुस्त कर.

जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासणारा माणूस दुसरं काय सांगणार, असं तू म्हणशील. ते आहेच. पण खरं कारण निराळं आहे. डोळ्याच्या पडद्यानं दगा दिल्यापासून मला कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही, आणि अक्षर नेमकं मध्येच असतं. म्हणून हल्ली मी वाचत नाही, ऐकतो. फोन वाचून दाखवतो. एके दुपारी आपल्याच भागावरचा एक लेख लावला होता. नदी, गाव, देऊळ असं छान चाललं होतं, आणि मध्येच फोनमधली बाई म्हणाली, "आयएमजी अंडरस्कोर दोन शून्य एक सात शून्य आठ..." पुढे बारा आकडे. ते चित्र होतं. कुणीतरी कॅमेऱ्यातून काढून तसंच चढवलेलं, आणि त्यात काय आहे ते शब्दांत कुणी लिहिलंच नव्हतं. मग तिला जे मिळालं ते तिनं वाचलं, फाइलचं नाव. मी स्वतः त्या लेखावर काही वर्षांपूर्वी काम केलं होतं. दोनदा ऱ्हस्व-दीर्घ तपासून गेलो होतो. तेव्हा डोळे शाबूत होते, त्यामुळे ते चित्र मला दिसलं होतं आणि विषय संपला होता.

तर पहिलं काम हे धर. चित्र लावताना मराठी विकिपीडियावर 'इवलेसे' असा शब्द लिहितात, चित्र लहान दिसावं म्हणून. (हा शब्द ज्यानं सुचवला त्याला माझा नमस्कार. सांगकाम्या म्हणजे आपोआप बदल करणारा प्रोग्राम, धूळपाटी म्हणजे सरावाचं पान, चावडी म्हणजे सगळ्यांनी मिळून बोलायची जागा, असे शब्द तिथं भेटले की छापखान्यातल्यासारखं घरचं वाटतं.) त्याच ठिकाणी पर्यायी मजकुराचा, म्हणजे न दिसणाऱ्यासाठी चित्र शब्दांत सांगायचा, रकाना असतो, आणि तो बहुतेकदा रिकामा सापडतो. त्यात काय लिहायचं? परवा हरिपूरच्या हळदीच्या पेवाचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठाराचं, एक चित्र समोर आलं. खाली ओळ होती: 'हरिपूर येथील पेव'. दिसणाऱ्याला तेवढं पुरे. मला काय कळलं? शेजारच्या पोराला वर्णन करायला सांगितलं, तर म्हणाला, "जुनं, ऐतिहासिक पेव आहे." जुनं हे त्याचं मत, ऐतिहासिकही त्याचंच. मी म्हटलं, अरे, दिसतंय काय ते सांग. मग म्हणाला, "जमिनीत गोल तोंड आहे, माणूस उतरेल एवढं. कडेला मातीचा ढीग. एक जण वाकून दोरीनं पोतं वर ओढतोय." झालं. एवढंच लिहायचं.

मथळ्यांचंही तसंच. पुष्कळ जण मथळा म्हणून ओळ नुसती ठळक करतात. डोळ्याला ते मथळ्यासारखं दिसतं, पण ऐकणाऱ्या माणसाला एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारत जायचं असतं आणि ठळक ओळ त्या यादीत येतच नाही. दोन्ही बाजूंना बरोबरच्या दोन-दोन खुणा घातल्या की तो खरा मथळा होतो. दोन मिनिटांचं काम.

आणखी एक बारीक गोष्ट, जी प्रूफात मला कधीच सापडली नसती. 'ॲप' मधला ॲ दोन तऱ्हेनं टंकता येतो. एक अखंड अक्षर, दुसरा अ वर चंद्र ठेवून. दिसायला सारखेच, पण यंत्राच्या लेखी वेगळे. त्यामुळे एका तऱ्हेनं शोधणाऱ्याला दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेला शब्द सापडेलच असं नाही. तसंच आपल्या आयर्विन पुलाचं. १९२९ सालचा पूल, व्हाइसरॉयच्या नावाचा, आणि सांगलीकराच्या तोंडी त्याचे किती उच्चार! जो जसं शोधेल तसा त्याला लेख सापडावा म्हणून त्या त्या नावाचं पुनर्निर्देशन, म्हणजे त्या नावावरून मूळ लेखावर नेणारं पान, करून ठेवायचं. 'आपलं शुद्ध तेच खरं' म्हणून बसायचं नाही. हे मी सांगतोय, बघ!

आता संदर्भांकडे येतो. इथं मी तोंडावर आपटलेलो आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाळवा तालुक्यातल्या एका स्वातंत्र्यसैनिकाच्या लेखात जन्मस्थळ 'सातारा जिल्हा' असं होतं. मी सांगलीचा. वाळवा सांगलीत, हे काय कुणी शिकवायला हवं? खोडलं आणि 'सांगली' केलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी परत 'सातारा' केलं. मी परत खोडलं. असं चार वेळा. बदलाच्या सारांशात मी काय काय लिहिलं ते आता त्या लेखाच्या इतिहासाच्या पानावर, जिथं प्रत्येक बदलाची नोंद राहते तिथं, कायमचं आहे. तू वाचू नकोस. पाचव्या वेळी समोरच्यानं चर्चेच्या पानावर दोन ओळी लिहिल्या, शांतपणे. तो माणूस जन्मला तेव्हा सांगली जिल्हाच नव्हता. १९४९ साली साताऱ्यातून 'दक्षिण सातारा' वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. यशवंतराव चव्हाणांचं देवराष्ट्रे घे. ते १९१३ साली जन्मले तेव्हा ते गाव सातारा जिल्ह्यात होतं, आज सांगलीत आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र तसंच. जुन्या पुस्तकात सातारा सापडेल, नव्यात सांगली, आणि दोन्ही संदर्भ खरे. वाक्य असं हवं होतं: 'तत्कालीन सातारा जिल्ह्यातील, सध्याच्या सांगली जिल्ह्यातील'. लांबलचक, बेढब वाक्य. मी प्रूफात असतं तर कापलं असतं. पण त्यावर पुन्हा कुणी भांडलं नाही.

तेव्हापासून एक सवय लागली. आपल्या गावचा अभिमान वाटेल असं वाक्य दिसलं की आधी तिथंच थांबायचं. ५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, हे पक्कं. त्या तारखेला आपण रंगभूमी दिन करतो. पण 'मराठीतले पहिले नाटक' असं कुणी ठोकून दिलं असेल तर सावध हो, कारण तंजावरच्या शहाजीराजांनी त्याच्या दीडशेहून अधिक वर्षं आधी मराठीत नाटकं लिहिली होती. मग काय लिहायचं? भाव्यांच्या प्रयोगापासून मराठी रंगभूमीची सुरुवात मानतात असं लिहायचं, आणि कोण मानतं ते पुस्तकासकट, पान क्रमांकासकट द्यायचं. पान क्रमांक सोडू नकोस. तीनशे पानी पुस्तकाचं नुसतं नाव म्हणजे 'पलीकडच्या गल्लीत कुणालाही विचारा' असा पत्ता.

वाईला मराठी विश्वकोशाची इमारत बघितलीस का? नसशील तर एकदा जा, मेणवलीचा घाटही बघून होईल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली तिथं नोंदी व्हायच्या. १९७६ साली पहिला खंड आला. तिथं नोंदीच्या खाली लिहिणाऱ्याचं नाव असतं, आणि त्या नावावर वाचक विसंबतो. आपल्याकडे विकिपीडियावर लेखाखाली नाव नाही. तू कोण, मी कोण, कुणाला ठाऊक? म्हणून वाचकानं विसंबायचं ते तळटिपेवर. तळटीप कच्ची असेल तर आपल्या वाक्याला आधारच नाही.

आणि तळटीप दिसली की ती उघडूनही बघ. एका लेखात एक साल मला खटकलं. संदर्भ वर्तमानपत्राच्या बातमीचा होता, म्हणजे वरवर सगळं ठीक. 'इतिहास पहा' वर जाऊन ते साल लेखात कधी आलं ते शोधलं, तर बातमीच्या दोन वर्षं आधी! बातमीदारानं ते आपल्याच लेखातून उचललं होतं, आणि मग कुणीतरी तीच बातमी पुरावा म्हणून लेखाला जोडली होती. 'तू माझा साक्षीदार, मी तुझा' असा प्रकार. साल काढून टाकलं आणि 'संदर्भ हवा' अशी खूण केली. या खुणेची पुष्कळांना लाज वाटते. मला वाटत नाही. चुकीच्या सालापेक्षा ती बरी.

दुवा दिलास तर त्याची प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर, ठेव, दुवे मरतात. कागदही मरतो म्हणा. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या घरात तीन दिवस पाणी होतं. खालच्या फडताळातली पुस्तकं लगदा होऊन निघाली आणि वीस वर्षांच्या माझ्या टिपणवह्या त्याबरोबर गेल्या. जी टिपणं मी पान क्रमांकासह लेखांत घातली होती तेवढीच राहिली.

दुसऱ्याचा मजकूर उचलून चिकटवू नकोस, वाचून आपल्या शब्दांत लिही. चुकायचं असेल तर धूळपाटीवर चूक. कुणी तुझा बदल उलटवला तर त्या दिवशी काही लिहू नकोस, चहा पी. बाकी तुला कळेल.

येत्या रविवारी लॅपटॉप घेऊन ये. आयर्विन पुलाचं पुरातलं एक चित्र काढून ठेवलंय, त्याचं वर्णन आपण दोघं मिळून लिहू. माझा कच्चा खर्डा असा: 'दगडी कमानींचा पूल, कमानी बऱ्याच बुडालेल्या, पाणी गढूळ, कठड्यापाशी छत्र्या घेतलेली माणसं.' खांबावर फुटांचे आकडे रंगवलेले असतात, त्यातला पाणी टेकलेला आकडा मला काही केल्या दिसत नाही. येताना तुझ्या आजीचं भिंग आण. तुलाही वाचता आला नाही, तर वर्णनात आकडा घालायचा नाही.

तुझा,
प्रूफवाले काका