पेटीचे २००, पिअर्सनचे १०५

प्रश्न : अमेरिकेतल्या नॅसकारच्या स्टॉक कार (साध्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या रेस-गाड्यांच्या) शर्यतींत रिचर्ड पेटीचे विजय २०० आणि विजेतेपदं सात. डेव्हिड पिअर्सनचे विजय १०५ आणि विजेतेपदं तीन. तरीही मागे एका उत्तरात तुम्ही पिअर्सनला ‘त्या पिढीतला सर्वांत हुशार ड्रायव्हर’ म्हणालात. हा आकड्यांवर अन्याय नाही का?

उत्तर : मग आधी आकडेच बघू. पिअर्सन १९६० ते १९८६ या काळात ५७४ शर्यतींत उतरला, पेटी ११८० हून जास्त. शंभर शर्यतींमागे पिअर्सनचे विजय १८ भरतात, पेटीचे १७. हा हिशोब पिअर्सनचे चाहते फार आवडीने मांडतात. मला तो तितकासा पटत नाही. निवडक शर्यतीच धावणाऱ्याची टक्केवारी देखणी दिसणारच. पेटी जत्रेच्या मैदानातल्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवरही उतरायचा आणि १९६७ मध्ये त्याने एकाच मोसमात २७ शर्यती मारल्या. ते येरागबाळ्याचं काम नव्हे.

तेव्हा टक्केवारी बाजूला ठेवा. मी पिअर्सनला हुशार म्हणतो ते त्याच्या गाडी चालवण्यावरून.

साउथ कॅरोलायनातल्या स्पार्टनबर्गजवळच्या गिरणी-वस्तीत १९३४ साली त्याचा जन्म झाला. घरचे कापडगिरणीत, तोही थोडे दिवस तिथे राबला आणि मग मातीच्या ट्रॅकवर पैसे मिळवू लागला. १९६० मध्ये तो मोसमातला सर्वोत्तम नवोदित ठरला. पुढच्याच वर्षी शार्लटची ६०० मैलांची शर्यत त्याने शेवटी एक टायर फुटलेला असताना, गाडी रखडत रेषेपार नेऊन जिंकली. १९६६, १९६८ आणि १९६९ ही तीन विजेतेपदांची वर्षं. त्यानंतर मात्र पूर्ण मोसम धावायचा नाद त्याने सोडूनच दिला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. विजेतेपद गुणांवर ठरतं आणि गुण मिळवायचे तर जवळपास प्रत्येक शर्यतीत उतरावं लागतं. १९७३ मध्ये पिअर्सन अवघ्या १८ शर्यतींत उतरला आणि त्यातल्या ११ जिंकला. त्या वर्षीचा विजेता कोण? बेनी पार्सन्स, ज्याने वर्षभरात एकच शर्यत जिंकली होती! पार्सन्सच्या सातत्याला कमी लेखायचं नाही. पण पिअर्सनची तीन विजेतेपदं मोजताना हे वर्षही आठवावं.

आता मुद्द्याची गोष्ट, ४ जुलै १९७४, फ्लोरिडातला डेटोनाचा ट्रॅक. शेवटची फेरी सुरू होताना पिअर्सन पुढे आणि पेटी त्याच्या मागे चिकटून. अशा वेळी पुढे असणं फायद्याचं नसतं. पुढची गाडी हवा कापत जाते, मागचीला अडथळा कमी होतो, आणि ऐनवेळी बाजूला होऊन ती सहज पुढे निघते. पिअर्सनला हे ठाऊक होतं. त्याने चक्क अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि इंजिन गेल्यासारखी गाडी खाली, आतल्या बाजूला वळवली. पेटी धडक टाळत पुढे गेला. पिअर्सन पुन्हा वेग घेऊन त्याच्या मागे लागला आणि शेवटच्या वळणानंतर त्याला मागे टाकून जिंकला. हे धोकादायक होतं म्हणून पेटी चांगलाच चिडला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्या वेगात पुढच्याने अचानक पाय काढणं हा खेळ नव्हे. पण आघाडी हेच ओझं आहे हे ओळखून ती दुसऱ्याच्या गळ्यात मारायला डोकं लागतं.

१५ फेब्रुवारी १९७६ ची डेटोना ५००, म्हणजे तिथली ५०० मैलांची शर्यत, तर सगळ्यांनाच माहीत असते. शेवटच्या फेरीत दोघं एकमेकांना घासले, भिंतीवर आदळले, गरगरले. पेटीची गाडी रेषेच्या थोडी अलीकडे गवतात थांबली आणि इंजिन बंद पडलं. पिअर्सनच्या गाडीचं नाक चेपलं होतं, पण गाडी गिरकी घेत असताना त्याने क्लच दाबून धरला होता. त्यामुळे इंजिन चालू राहिलं. सायकलवाल्यानेही गाठावं अशा वेगाने तो रेषेपार गेला आणि जिंकला. लोक याला नशीब म्हणतात. दीडशे मैलांहून जास्त वेगात भिंत अंगावर येत असताना डाव्या पायाला काय काम द्यायचं हे सुचणं, याला माझ्या हिशोबी नशीब म्हणत नाहीत. त्याच वर्षी त्याने शार्लटची ६०० मैलांची आणि डार्लिंग्टनची सदर्न ५०० या शर्यतीही जिंकल्या.

आणि तुम्हाला आकडेच हवे असतील तर हा घ्या : पेटी आणि पिअर्सन पहिला-दुसरा आले अशा शर्यती ६३. त्यांत पिअर्सन पुढे ३३ वेळा, पेटी ३० वेळा.

प्रश्न : वुड ब्रदर्ससारखा संघ त्याने का सोडला? पुढे काय झालं?

उत्तर : सोडला नाही, सुटला. एप्रिल १९७९, डार्लिंग्टन. पिटमध्ये, म्हणजे शर्यतीत मध्येच टायर-इंधनासाठी थांबायच्या जागी, संघाला चारही टायर बदलायचे होते. पिअर्सनला वाटलं, उजवीकडचे दोनच. त्याने गाडी दामटली. डाव्या चाकांचे नट सैल केलेले होते, पिटच्या तोंडाशीच ती चाकं निखळली. १९७२ पासूनची जोडी त्यानंतर काही दिवसांतच फुटली. गंमत अशी, की पिटमधल्या कामाच्या वेगासाठीच हा संघ सगळीकडे ओळखला जायचा.

पण सप्टेंबरमध्ये जखमी डेल अर्नहार्ट या ड्रायव्हरच्या जागी तो त्याच डार्लिंग्टनवर उतरला आणि सदर्न ५०० जिंकला. मला त्याच्या सगळ्या विजयांत हा जास्त आवडतो. डार्लिंग्टनच्या ट्रॅकची दोन टोकं सारखी नाहीत, एक निमुळतं आहे. एका टोकाला नीट वळणारी गाडी दुसऱ्या टोकाला भिंतीकडे ओढते. तिथे त्याच्याइतके, म्हणजे दहा, विजय दुसऱ्या कुणाचे नाहीत. १९८० मधला शेवटचा, १०५ वा विजयही तिथलाच. १९८६ नंतर तो उतरला नाही. १९८९ मध्ये वुड ब्रदर्सच्याच गाडीत बसून पाहिलं, पाठीने साथ दिली नाही, आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. २०१८ मध्ये तो गेला.

प्रश्न : तो शर्यतीत सिगारेट ओढायचा ही थाप आहे ना?

उत्तर : थाप नाही. गाडीत त्यासाठी लायटर बसवलेला असायचा. इतर ड्रायव्हर घामाघूम झालेले असताना हा शेजारून धूर सोडत जायचा. निम्मी सिगारेट स्वतःसाठी आणि निम्मी बघणाऱ्यांसाठी होती, असा माझा जुना संशय आहे.