जेआर पास काशिकोजिमापर्यंत का चालत नाही?

प्रश्न : आम्ही दोघं नागोयाहून काशिकोजिमाला जाणार आहोत. जपान रेल पास काढलाय, तरी वाटेत वेगळे पैसे भरावे लागतात म्हणे. कुठे आणि का?

उत्तर : दोन ठिकाणी. काशिकोजिमा हे मिए प्रांतातल्या शिमा किनाऱ्यावरचं शेवटचं स्टेशन, पण ते किंतेत्सु या खासगी रेल्वेचं. जेआरचे, म्हणजे पास ज्यांचा आहे त्या जपान रेल्वेज कंपन्यांचे, रूळ तोबाला संपतात, पुढच्या २४.५ किलोमीटरना पास लागू नाही. दुसरी गोम तोबाच्या अलीकडच्या टप्प्यातच आहे. नागोया-तोबा धावणारी जेआरची 'मिए' गाडी कावारादा ते त्सु हा टप्पा इसे रेल्वे या तिसऱ्याच कंपनीच्या रुळांवरून कापते. तेवढं भाडं पासवाल्यांनाही पडतं.

त्यापेक्षा पास बाजूला ठेवा आणि नागोयाहून थेट किंतेत्सुची लिमिटेड एक्स्प्रेस धरा. गाडी न बदलता दोन तासांहून थोड्या अधिक वेळात पोहोचाल. मात्र तिकिटं दोन लागतात : प्रवासभाड्याचं आणि एक्स्प्रेसच्या राखीव सीटचं. बरेच जण इथेच चुकतात. गेटवर प्रवासाचं प्रीपेड कार्ड टेकवलं की फक्त भाडं कापलं जातं, सीट मिळत नाही. एक्स्प्रेसचं तिकीट आधी मशीनवर किंवा खिडकीवर काढा. २०१३ पासून धावणाऱ्या 'शिमाकाझे' गाडीला याशिवाय खास डब्याचं वेगळं शुल्क पडतं. तिचं बुकिंग महिनाभर आधी उघडतं, आणि आठवड्यातल्या ठरावीक दिवशी ती धावत नाही. तारीख पक्की करण्याआधी हे बघाच.

थेट गाडीची ही सोय १९७० पासूनची. १९२९ साली सुरू झालेल्या शिमा मार्गाच्या (तोबा-काशिकोजिमा) रुळांतलं अंतर १०६७ मिलिमीटर होतं, तर तोबाच्या अलीकडच्या उजियामादा स्टेशनापर्यंत येणारे किंतेत्सुचे रूळ १४३५ मिलिमीटरचे. ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनाच्या तोंडावर उजियामादा-तोबा नवा मार्ग टाकला, शिमा मार्ग रुंद केला, आणि ओसाका-नागोयाच्या गाड्या समुद्रापर्यंत येऊ लागल्या. त्याआधी हा मार्ग काशिकोजिमाच्याही पुढे, शिंजुको नावाच्या मालस्थानकापर्यंत जायचा. शिंजुको म्हणजे मोत्यांचं बंदर!

प्रश्न : फोटोत दिसणारी आगो उपसागरातली बेटं स्टेशनवरून दिसतात का?

उत्तर : नाही. ते दृश्य योकोयामा टेकडीवरचं. त्यासाठी दोन स्टेशनं अलीकडे उगाताला उतरा. तिथे एक्स्प्रेसही थांबते. पाणी जवळून बघायचं असेल तर मात्र काशिकोजिमाच गाठा. धक्का स्टेशनपासून चालत दोन-तीन मिनिटांवर आहे. उपसागरापलीकडच्या वागू गावाला जाणाऱ्या साध्या प्रवासी बोटीतूनही मोत्यांच्या शेतीचे तराफे अगदी जवळून दिसतात. वरून नुसता लाकडांचा सांगाडा वाटतो. मोती पिकवणारे अकोया शिंपले त्याच्याखाली, पाण्यात टांगलेले असतात.