मत द्यायचं ते मतदारांच्या इच्छेने की स्वतःच्या विवेकाने?

तुमचा प्रश्न असा: मतदारसंघातल्या बहुतेकांना एखादं विधेयक नकोय, पण त्यांच्या प्रतिनिधीला ते मनापासून पटलंय. सभागृहात त्याने काय करावं?

मी आधी एवढंच बघेन की त्या निर्णयाची झळ कोणाला बसणार. कर वाढणार, जमीन संपादनात जाणार, म्हणजे सोसायचं मतदारांनीच, तर प्रतिनिधीने आपलं शहाणपण आवरावं. त्यातलं त्यांना जास्त कळतं. पण बहुसंख्य लोक दुसऱ्याच कुणाच्या हक्कांचा किंवा जिवाचा निकाल लावायला निघाले असतील, तर डोकी मोजून भागत नाही. ब्रिटनमध्ये १९६५ साली खुनासाठीची फाशी पाच वर्षांपुरती थांबवली आणि १९६९ मध्ये कायमची रद्द केली. पक्षांनी सदस्यांना मोकळं सोडलं होतं, आणि जनमत स्पष्टपणे फाशीच्या बाजूने होतं. तरी तो निर्णय मला योग्य वाटतो.

या वादात अठराव्या शतकातला ब्रिटिश खासदार आणि विचारवंत एडमंड बर्क याचं नाव निघतंच. ३ नोव्हेंबर १७७४ रोजी ब्रिस्टलमधून निवडून आल्यावर त्याने मतदारांना तोंडावर सांगितलं की मी तुमची सेवा करीन, पण माझी बुद्धी तुमच्याकडे गहाण ठेवणार नाही. भाषण सगळे सांगतात, पुढचं कमी जण. आयर्लंडशी व्यापार आणि कॅथलिकांवरचे निर्बंध या विषयांत तो ब्रिस्टलच्या विरोधात गेला. १७८० मध्ये पराभव दिसू लागल्यावर त्याने माघार घेतली आणि माल्टनमधून संसदेत गेला. ती जागा त्याच्या आश्रयदात्याच्या मुठीतली होती. म्हणजे विवेक शाबूत राहिला, पण मतदारांच्या नव्हे, एका उमरावाच्या भरवशावर.

उलट टोक अमेरिकेत सापडतं. तिथे पूर्वी सिनेटर राज्यांची विधिमंडळं निवडत आणि मत कसं द्यायचं याच्या सूचनाही धाडत. अध्यक्ष जॅक्सन यांच्यावरचा निषेधाचा ठराव कामकाजातून पुसून टाकण्यासाठी मत द्या, असं १८३६ मध्ये व्हर्जिनियाने आपल्या दोन्ही सिनेटरांना बजावलं. जॉन टायलरला ते पटेना. सूचना मोडण्यापेक्षा त्याने राजीनामा दिला. दुसऱ्याने सूचना धुडकावली आणि लगेच खुर्चीही सोडली नाही. पटत नसेल तर जागा सोडा, ही टायलरची वाट प्रामाणिक आहे, पण दर महिन्याला राजीनामे देत सभागृह चालत नाही. म्हणूनच बहुधा बऱ्याच राज्यघटनांनी हे बंधन काढून टाकलं. फ्रान्सच्या कलम २७ नुसार बंधनकारक आदेश रद्दबातल ठरतो. जर्मनीच्या कलम ३८ प्रमाणे सदस्य फक्त स्वतःच्या विवेकाला बांधील असतो.

भारतात मात्र तुमचा प्रश्न बहुतेक वेळा निकालातच निघतो, कारण तिसराच धनी मध्ये येतो: पक्ष. राज्यघटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, १९८५ मध्ये आली. व्हिपविरुद्ध, म्हणजे मत कसं द्यायचं याच्या पक्षादेशाविरुद्ध मत दिलं, किंवा तटस्थ राहिलं, आणि पक्षाने १५ दिवसांत ते माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. हा बडगा विश्वासदर्शक मतदान आणि मोठे धोरणात्मक विषय एवढ्यापुरताच ठेवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सुचवलं होतं. व्यवहारात साध्या विधेयकांवरही व्हिप निघतो. मग ‘आमचा खासदार आमचं ऐकत नाही’ ही तक्रार पुष्कळदा चुकीच्या दारात असते. राष्ट्रपतीपदाची निवडणूक यातून सुटते. १९६९ मध्ये विवेकाला स्मरून मत द्या, असं आवाहन झालं, ते पंतप्रधानांकडून. आतला आवाज बाहेरून ऐकू येण्याचा तो मासला! मतदान गुप्त असल्यामुळे तो नक्की कोणाला ऐकू आला, हे सांगायची सोय नव्हती.

‘लोकांची इच्छा’ कळते कशी, हाही भाग अवघड आहे. तिरंगी लढतीत ३५ टक्के मतांवर निवडून आलेला माणूस ‘माझे मतदार’ म्हणतो तेव्हा उरलेले ६५ टक्के कुठे जातात? हजार जणांच्या नीट निवडलेल्या पाहणीतही सुमारे ३ टक्के इकडेतिकडे होतात, चारशेंच्या पाहणीत सुमारे ५. तेव्हा ५२ विरुद्ध ४८ या आकड्यावरून ‘जनतेचा कौल’ सांगणारा फसवतोय किंवा फसलाय. एकाच मजकुराची पाचशे पत्रं आली तर ती एका संघटनेची ताकद दाखवतात, पाचशे जणांचा विचार नव्हे. कार्यालयात चकरा मारणारे तर नेहमी तेच ते असतात. अमेरिकेतल्या २०१८ च्या एका अभ्यासात दोन्ही पक्षांचे राजकारणी आपले मतदार प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा अधिक परंपरावादी आहेत, असं धरून चालत होते.

त्यामुळे विवेकाचा हवाला देणाऱ्याकडून मी दोन गोष्टी मागेन. एक, मतदानाआधी जाहीरपणे सांगायचं की मी तुमच्याविरुद्ध मत देणार आहे, आणि का. नंतर दिलेलं कारण बहुधा सबब असते. दोन, नाव नोंदलं जाईल असं मतदान. आवाजी मतदानात ‘होय’ कोण ओरडलं याची नोंद राहत नाही. सभागृहात मतविभाजन मागितलं गेलं तरच कोण कुठे होतं ते कागदावर येतं.

आणि तुम्हाला त्याचं मत वळवायचं असेल तर विधेयक समितीकडे असतानाच लिहा. मतदानाच्या आदल्या दिवशी पत्र पोचून उपयोग नाही, तोवर व्हिप निघालेला असतो. पत्रात एकच मागणी, कलमाचा क्रमांक, त्या कलमाने तुमचं नेमकं काय बिघडतं, आणि त्या जागी कोणता शब्द हवा. सबंध विधेयकाला विरोध कळवलात तर त्याला फार तर सहानुभूती दाखवता येते. शब्द सुचवलात तर तो दुरुस्ती मांडू शकतो.