डिस्कवर जागा आहे, तरी ‘जागा संपली’? : सर्व्हरविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांतले बहुतेक प्रश्न ‘अनमॅनेज्ड’ डेडिकेटेड सर्व्हरचे आहेत. यात वीज, नेट आणि यंत्र होस्टिंग कंपनीचे. ऑपरेटिंग सिस्टीमपासून पुढचे सगळे तुमचे. आज्ञांची नावे उच्चाराप्रमाणे छापली आहेत. टाइप करताना ती रोमन छोट्या अक्षरांत करावीत. जिथे मोठे अक्षर लागते तिथे तसे सांगितले आहे.

लासलगाव : आमची साइट रोजचे बाजारभाव दाखवते. परवापासून कोणालाच लॉगिन होत नाही. लॉगमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ येते. पण ‘डीएफ -एच’ केले तर डिस्क ६२ टक्केच भरलेली दिसते.

‘डीएफ -आय’ करून पाहा, तिथे १०० टक्के दिसेल. फाइल ठेवायला मजकुरासाठी जागा लागते आणि तिच्या नोंदीसाठी आयनोड लागतो. ईएक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या प्रकारात फाइल सिस्टीम बनवतानाच साधारण दर १६ किलोबाइटमागे एक आयनोड ठरतो. पार्टिशन न वाढवता ही संख्या नंतर वाढत नाही. लाखो बारक्या फाइली साचल्या की जागा शिल्लक असूनही आयनोड संपतात.

‘डीयू --आयनोड्स -एक्स’ चालवून कोणत्या फोल्डरमध्ये गर्दी आहे ते शोधा. लॉगिनच अडले आहे, म्हणून पहिला संशय पीएचपीच्या सेशन फाइलींवर (कोणी लॉगिन केले आहे याच्या नोंदी). डेबियन आणि उबुंटूमध्ये पीएचपी स्वतः जुनी सेशन झाडत नाही, कारण त्याची झाडण्याची शक्यता शून्यावर ठेवलेली असते. ते काम एक वेगळा टायमर करतो, आणि तो मुख्य सेटिंगमध्ये लिहिलेलाच फोल्डर झाडतो. कोणी साइटच्या कोडमध्ये किंवा एफपीएमच्या (पीएचपीच्या प्रोसेस चालवणारी सेवा) पूलमध्ये सेशनचा फोल्डर बदलला असेल, तर तिथे झाडू कधीच फिरत नाही. दुसरे नेहमीचे ठिकाण मेलच्या रांगेचे. दर मिनिटाला चालणारा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारे काम) काहीबाही छापत असेल, तर तेवढी पत्रे रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, नावे पडत राहतात.

पुसताना ‘आरएम’पुढे तारा (*) लावला तर यादी फार लांब असल्याची तक्रार येईल. त्याऐवजी ‘फाइंड’ वापरा : फोल्डर, ‘-टाइप एफ’, ‘-एमटाइम +१’, आणि शेवटी ‘-डिलीट’. हा क्रम पाळाच. ‘-डिलीट’ आधी लिहिलेत तर पुढच्या अटी वाचण्याआधीच सगळे पुसले जाते. आधी ‘-डिलीट’शिवाय चालवून यादी नजरेखालून घाला. लाखो फाइली असतील तर आज्ञेच्या सुरुवातीला ‘आयओनाइस -सी३’ लावा, म्हणजे डिस्क दमणार नाही. मग झाडणीचा स्वतःचा क्रॉन लावा.

याच्या उलट प्रकारही होतो. ‘डीएफ’ डिस्क भरल्याचे सांगते, पण ‘डीयू’च्या बेरजेत तेवढे भरत नाही. तेव्हा कोणीतरी मोठा लॉग पुसलेला असतो, पण लिहिणाऱ्या प्रोग्रामने तो अजून उघडा धरलेला असतो. ‘एलएसओएफ +एल१’ (इथे एल मोठा) अशा फाइली दाखवते. ती सेवा रीस्टार्ट केली की जागा सुटते.

लॉगच्या बाबतीत एक सांगायलाच हवे. जागेसाठी लॉग सरसकट पुसू नका. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे, आणि त्यात नमूद केलेल्या सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात. जुने लॉग बाजूला काढणाऱ्या लॉगरोटेटमध्ये ‘डेली’, ‘रोटेट १८०’ आणि ‘कम्प्रेस’ एवढे लिहिले की काम भागते. मजकुराचे लॉग दाबून खूप लहान होतात.

अंबड : सर्व्हरकडून ‘डिग्रेडेड अ‍ॅरे’ असे मेल आले आहे. साइट चालू आहे. दोन डिस्क रेड-१ मध्ये (दोन्हींवर एकच डेटा) आहेत. घाई करावी का?

घाई करा, पण सर्व्हर रीस्टार्ट करू नका. ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘एमडीस्टॅट’ ही फाइल वाचा. चौकटी कंसात दोन यू असले तर दोन्ही डिस्क ठीक आहेत. एक यू आणि एक खालची रेघ असेल तर तुमचा सगळा कारभार एका डिस्कवर उभा आहे.

पहिले काम बॅकअपचे, तेही सर्व्हरबाहेर. नवी डिस्क जोडली की उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत वाचली जाते. ती मेलेल्या डिस्कइतकीच जुनी असते, बहुधा त्याच खेपेतली, आणि कधी न वाचलेल्या भागातले खराब सेक्टर नेमके तेव्हा उघडे पडतात.

मग ‘स्मार्टसीटीएल -ए’ दोन्ही डिस्कवर चालवा. ५, १९७ आणि १९८ या ओळी पाहा. अनुक्रमे बदललेले, अडकलेले आणि वाचता न आलेले सेक्टर. शेवटच्या स्तंभातला आकडा शून्याच्या वर असून वाढत असेल तर डिस्क गेली. केवळ १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा असतो. डिस्क बदलून पैसे घालवण्याआधी केबल बदलायला सांगा.

होस्टिंग कंपनीला तिकीट लिहिताना डिस्कचा सीरियल नंबर द्या. ‘दुसरी डिस्क’ असे कधीही लिहू नका. तिथल्या तंत्रज्ञाची दुसरी आणि लिनक्सची दुसरी एकच असतील याची खात्री नसते, आणि चुकून चांगली डिस्क निघाली की संपले. मेलेली डिस्क नंबरही सांगत नसेल तर चांगलीचा नंबर द्या आणि ‘हिला हात लावू नये’ असे लिहा.

डिस्क काढण्याआधी ‘एमडीअ‍ॅडम’ने तिचे प्रत्येक पार्टिशन ‘फेल’ आणि मग ‘रिमूव्ह’ करा. बूट, स्वॅप आणि रूट असे तीन अ‍ॅरे (पार्टिशनांच्या जोड्या) असणे नेहमीचे आहे, आणि एखादा हमखास विसरला जातो. नवी डिस्क बसल्यावर पार्टिशनचा नकाशा ‘एसजीडिस्क -आर’ने (आर मोठा) उतरवायचा. इथे नव्या डिस्कचे नाव ‘आर’ला चिकटून आधी येते आणि जुन्या चांगल्या डिस्कचे शेवटी. उलटे लिहिलेत तर कोरा नकाशा चांगल्या डिस्कवर चढेल. एंटर दाबण्याआधी ही ओळ मोठ्याने वाचावी. मग नव्या डिस्कवर ‘एसजीडिस्क -जी’ (जी मोठा), म्हणजे तिला स्वतःची ओळख मिळेल, आणि शेवटी प्रत्येक अ‍ॅरेला ‘अ‍ॅड’.

४ टीबीची फिरती डिस्क सेकंदाला १२५ एमबीने भरली तर साधारण ९ तास लागतात. साइट चालू असेल तर जास्त. झाल्यावर नव्या डिस्कवर ग्रब (सिस्टीम उठवणारा प्रोग्राम) बसवा. यूईएफआयवर (बूटच्या नव्या पद्धतीवर) चालणारा सर्व्हर असेल तर ईएफआय पार्टिशन बहुधा रेडमध्ये नसते, ते हाताने उतरवावे लागते. हे राहिले तर उद्या जुनी डिस्क गेल्यावर डेटा शाबूत असूनही सर्व्हर उठणार नाही.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकीची ‘डिलीट’ क्वेरी दोन्ही डिस्कवर एकाच क्षणी पोहोचते.

पंचवटी : आमची भक्तनिवास आणि लॉज यांच्या बुकिंगची साइट आहे. २०२७च्या सिंहस्थात गर्दी होणार. सर्व्हर ८ कोअर, ३२ जीबी मेमरी, १ गिगाबिट लाइन. पुरेल का?

तीन ठिकाणी मोजा : मेमरी, प्रोसेसर, लाइन.

मेमरी. समजा मायएसक्यूएल डेटाबेसच्या बफर पूलला, म्हणजे मेमरीत डेटा ठेवायच्या जागेला, १० जीबी (सांगितल्याशिवाय तो फक्त १२८ एमबी घेतो, हे बऱ्याच ठिकाणी तसेच राहिलेले असते) आणि बाकी सिस्टीमला ४ जीबी दिले. उरले १८. त्यातले ४ हाताशी ठेवा. एक पीएचपी प्रोसेस ९० एमबी खात असेल तर १४ जीबीत सुमारे १५० बसतात. एफपीएमचे ‘मॅक्स चिल्ड्रन’ तेवढेच ठेवा. गर्दी आहे म्हणून ५०० केलेत तर मेमरी संपेल आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) सर्वांत मोठ्या प्रोसेसचा बळी घेईल. ती प्रोसेस म्हणजे तुमचा डेटाबेस.

प्रोसेसर. एक पान बनवायला २५० मिलिसेकंद लागत असतील तर एक कोअर सेकंदाला ४ पाने देतो, आठ मिळून ३२. खरी मर्यादा इथे आहे, १५० प्रोसेस ठेवूनही ती हलत नाही. उपाय पान-कॅशचा, म्हणजे एकदा बनलेले पान साठवून तेच देण्याचा. लॉगिन न केलेल्यांसाठी माहितीची पाने एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या फास्टसीजीआय कॅशमध्ये ६० सेकंद ठेवा, पीएचपीला उठवायची गरजच पडणार नाही. मात्र खोली रिकामी आहे का हे सांगणारे पान कॅशमध्ये टाकू नका. एकच खोली दोघांना जाऊ नये म्हणून डेटाबेसमध्येच खोली आणि तारीख यांच्या जोडीवर युनिक की (तीच जोडी दुसऱ्यांदा न घेणारी अट) लावा. कोडमध्ये ‘आधी तपासा, मग नोंदवा’ असे लिहून भागत नाही, कारण एकाच क्षणी आलेल्या दोघांनाही खोली रिकामीच दिसते.

लाइन. १ गिगाबिट म्हणजे सेकंदाला १२५ एमबी. फोटोंसकट पान २.५ एमबीचे असेल तर सेकंदाला ५० पाहुणे, बस्स. फोटो वेबपीमध्ये आणि योग्य मापात करून पान ४०० केबीवर आणा, तोच आकडा ३००च्या पुढे जातो. पर्वणीच्या बऱ्याच आधी ‘डब्ल्यूआरके’सारख्या साधनाने भार टाकून पाहा, आणि तो दुसऱ्या यंत्रावरून टाका. त्याच सर्व्हरवरून चाचणी केली तर ती लाइन मोजतच नाही.

दिंडोरी : द्राक्षांच्या ऑर्डरचे मेल आमच्या सर्व्हरवरून परदेशी ग्राहकांना जातात. जीमेल काही परत पाठवते, काही स्पॅममध्ये टाकते. एसपीएफ लावला आहे.

एकटा एसपीएफ (डोमेनच्या वतीने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद) पुरत नाही. फेब्रुवारी २०२४पासून जीमेलला प्रत्येक पाठवणाऱ्याकडून एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), शिवाय आयपीची उलटी नोंद, म्हणजे पीटीआर लागते. दिवसाला ५,००० च्या वर मेल असतील तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (तपासणीत नापास मेलचे काय करायचे ते धोरण) तिन्ही. तुमचे तेवढे नसले तरी तिन्ही लावा, खर्च शून्य आहे. पीटीआर तुमच्या डोमेनच्या डीएनएसमध्ये लागत नाही. आयपी ज्यांचा, त्या होस्टिंग कंपनीच्या पॅनेलमधून ती लावायची. पीटीआरमधले नाव परत त्याच आयपीकडे वळायला हवे.

काही मेल जातात आणि काही परत येतात, यावरून आमचा संशय आयपीव्ही६वर आहे. सर्व्हरला दोन्ही पत्ते असले तर पोस्टफिक्स हा मेल पाठवणारा प्रोग्राम कधी एकाने जातो, कधी दुसऱ्याने, आणि आयपीव्ही६ची पीटीआर लावायची राहिलेली असते. ती लावा, नाहीतर पोस्टफिक्समध्ये ‘आयनेट प्रोटोकॉल्स’ हे आयपीव्ही४वर बांधून सेवा रीस्टार्ट करा. एसपीएफची नोंद एकच हवी. दोन असल्या तर दोन्ही बाद. डीमार्क सुरुवातीला ‘नन’ धोरणावर ठेवा आणि अहवाल वाचून मग घट्ट करा.

इंदिरानगर : लॉगमध्ये रूटच्या पासवर्डसाठी दिवसभर अनोळखी प्रयत्न दिसतात. पासवर्ड बंद करून एसएसएचची की (किल्ली-फाइल) लावली, तरी सर्व्हर पासवर्ड विचारतोच.

प्रयत्न सगळ्यांवरच होतात, त्याची भीती नको. तुमचा दोष बहुधा ‘एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी’ फोल्डरमध्ये आहे (एसएसएचडी म्हणजे दुरून लॉगिन करू देणारी सेवा). उबुंटूच्या तयार प्रतिमांत तिथे क्लाउड-इनिटची (नवा सर्व्हर आपोआप मांडून देणारा प्रोग्राम) एक फाइल पासवर्ड चालू ठेवते. ती मुख्य फाइलच्या आधी वाचली जाते, आणि एसएसएचडी पहिला सापडलेला शब्द प्रमाण मानतो. ‘एसएसएचडी -टी’ मोठ्या टी ने चालवले तर प्रत्यक्ष लागू असलेली सेटिंगे दिसतात, लहान टी ने चालवले तर फाइलमधल्या चुका.

बदल करताना चालू खिडकी बंद करू नका. दुसऱ्या खिडकीतून आत जाता आले तरच पहिली सोडा. फायरवॉल सुरू करण्याआधी पोर्ट २२ मोकळा करा. तरीही बाहेर अडकलात तर कंपनीच्या पॅनेलमधला रेस्क्यू मोड वापरा. सर्व्हर नेटवरून उठतो, तुमची डिस्क माउंट करून फाइल सुधारता येते. पोर्ट बदलल्याने लॉग शांत होतो, सुरक्षितता फारशी वाढत नाही.

सातपूर : भाडे वाचवण्यासाठी सर्व्हर आमच्याच ऑफिसात ठेवला तर?

कर्मचाऱ्यांच्या फाइलींसाठी खुशाल ठेवा. ग्राहकांच्या साइटसाठी नको. दोन वेगळ्या नेट लाइन, जनरेटर, चोवीस तास एसी आणि स्थिर आयपी यांचा खर्च जोडला की भाडे स्वस्त वाटेल. ग्राहक भारतातले असतील तर मुंबईतला डेटा सेंटर निवडा. नाशिकहून तिथली फेरी काही मिलिसेकंदांची असते, युरोपातली शंभराच्या वर जाते.

सिन्नर : आमचा सर्व्हर अजून सेंटओएस ७ वर आहे. चालतो आहे, मग बदलायचा का?

त्याचे सुरक्षा-अपडेट ३० जून २०२४ला थांबले. बदला, पण चालत्या सर्व्हरवर अपग्रेड करण्यापेक्षा शेजारी अल्मालिनक्स ९ चा नवा सर्व्हर घ्या. जुना कोड नव्या पीएचपीवर आधी चालवून पाहा. ‘मायएसक्यूएल कनेक्ट’सारखी जुनी फंक्शन पीएचपी ७ पासून काढून टाकलेली आहेत. स्थलांतराच्या आदल्या दिवशी डीएनएसचा टीटीएल (नोंद किती वेळ साठवून ठेवायची ती मुदत) ३०० सेकंद करा. शेवटची प्रत घेण्याआधी जुनी साइट फक्त वाचण्यापुरती ठेवा, नाहीतर डीएनएस पसरेपर्यंतच्या ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्येच पडतील. डेटाबेसची प्रत ‘--सिंगल-ट्रान्झॅक्शन’ने घ्यावी, टेबले इनोडीबीची असतील तर. मायआयसॅमच्या टेबलांना ती सोय लागू पडत नाही, त्यांना लॉक करावे लागते. जुना सर्व्हर सोडण्यापूर्वी तिथल्या सर्व वापरकर्त्यांचे क्रॉन तपासा. रात्रीचे हिशेब किंवा बॅकअप तिथूनच चालत असतात, आणि ते बंद पडल्याचे महिनाअखेरीस कळते.