बेळगाव-निपाणीकडं राहून मंगळ-चंद्रावरच्या रोव्हरची मॉडेल्स बनवता येतात का? किट घ्यावं की हातानं करावं?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत राहता, चांद्रयान-3 चा प्रज्ञान आणि नासाचा मंगळावरचा क्युरिऑसिटी हे रोव्हर बनवायची इच्छा आहे, ऑनलाइन किट परवडत नाही, आणि पहिलं मॉडेल लहान म्हणून प्रज्ञानचंच घ्यावं का. मी बेळगावात राहतो आणि या नादात बरीच वर्षं आहे. माझं मत: आधी क्युरिऑसिटी करा, प्रज्ञान नंतर.

लहान ते सोपं, असं इथं नाही. प्रज्ञान 91.7 सेंटिमीटर लांब आणि 75 रुंद. 1:10 मापात ते जेमतेम सव्वानऊ सेंटिमीटरचं होतं, आणि त्याचे सांधे इतके बारीक होतात की नवख्या हाताला झेपत नाहीत. क्युरिऑसिटी साधारण तीन मीटर लांब, म्हणजे मॉडेल 30 सेंटिमीटरचं. त्याचं चाक 50 सेंटिमीटर व्यासाचं आणि 40 रुंद. आता प्लंबिंगच्या दुकानात जाऊन 50 एमएमचा पीव्हीसी पाइप मागा. त्याचा बाहेरचा व्यास बरोबर 50 मिलिमीटर असतो. चार-चार सेंटिमीटरचे सहा तुकडे हॅक्सॉनं कापले, कडा पॉलिश पेपरवर घासल्या, की चाकं झाली. इतकं आयतं माप दुसऱ्या कुठल्या रोव्हरचं मला तरी मिळालं नाही.

चाकांवर थोडा वेळ घालवा, कारण बघणारा आधी तिथंच बघतो. खऱ्या चाकावर 24 नागमोडी दाते आहेत. केबल टायच्या बारीक पट्ट्या वाकवून चिकटवल्या की छान दिसतात. आणि चाकाच्या पत्र्याला भोकं आहेत, ती विसरू नका. मोर्स लिपीत जे, पी, एल ही अक्षरं त्या भोकांतून लिहिली आहेत, ज्या प्रयोगशाळेत रोव्हर तयार झाला त्या नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीची. टिंबाला बारीक भोक, रेघेला लांबट खाच. गंमत म्हणून केलेलं नाही ते: मातीत उमटलेला हा ठसा कॅमेऱ्यानं बघून आपण किती पुढं आलो हे रोव्हर मोजतो. चाकाचा पत्रा फक्त पाऊण मिलिमीटर जाड, त्यामुळं 2013 पासून टोकदार दगडांनी तो फाटायला लागला. तेव्हा 2012 मध्ये उतरला तेव्हाचा कोरा रोव्हर दाखवायचा की नंतरचा फाटक्या चाकांचा, हे आधीच ठरवा. मला फाटकाच आवडतो.

पण खरं काम चाकांच्या वर आहे. दोन्ही बाजूंना एकेक मोठा दांडा असतो, रॉकर. त्याच्या पुढच्या टोकाला एक चाक. मागच्या टोकाला दुसरा छोटा दांडा, बोगी, आणि तिला दोन चाकं. स्प्रिंग कुठंच नाही. बहुतेक जण एवढं करतात आणि मग बॉडी पुढं नाहीतर मागं लोळते. का? तर दोन बाजूंना जोडणारा डिफरन्शियल राहून गेलेला असतो. क्युरिऑसिटीत तो पाठीवर आडवा दांडा म्हणून उघडा दिसतो: मधोमध खिळीवर फिरणारा, दोन टोकं दोन रॉकरना जोडलेली. एक बाजू वर गेली की दुसरी तेवढीच खाली दाबली जाते आणि बॉडी दोघांच्या मधला कल धरते. सायकलच्या दुकानातून जुने स्पोक आणा, आसाला तेच वापरा. बुशला, म्हणजे आस ज्यात फिरतो त्या नळीला, संपलेल्या बॉलपेनच्या रिफिलचे तुकडे करून बघा. दांड्यांना सनबोर्ड नको, वाकतो. 3 एमएम ॲक्रिलिक घ्या. नाहीतर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एखाद्या लेथवाल्याला गाठा. काम छोटं बघून आधी हसतील, पण रोव्हरचं म्हटलं की स्क्रॅपमधली ॲल्युमिनियमची पट्टी शोधून देतात.

जोडून झालं की एका बाजूच्या पुढच्या चाकाखाली जाड पुस्तक सरकवा. बाकीची पाचही चाकं टेबलाला टेकलेली राहिली तर जमलं. तोवर रंगाचा डबा उघडू नका.

खालची जमीन करायला मात्र आपल्यासारखा मुलूख नाही. खानापूरकडची जांभ्याची लाल माती चहाच्या गाळणीतून चाळा. तिचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, मंगळाचाही तोच. दिवाळीत किल्ले केलेल्या हातांना बाकी काही सांगायला नको. चंद्रासाठी स्टोन क्रशरची काळी डस्ट घ्या, पण सरसकट नाही. 1970 चा रशियन रोव्हर लुनोखोद-1 उतरला तो भाग बेसाल्टचा, आपल्या काळ्या दगडाच्या जातीचा. तिथं ती डस्ट शोभते. प्रज्ञान चंद्राच्या सुमारे 69 अंश दक्षिणेला, फिकट जमिनीवर फिरला, म्हणून त्या डस्टमध्ये पांढरी रांगोळी भरपूर मिसळा. इस्रोनंसुद्धा चाचणीसाठी चंद्राची माती बनवायला तमिळनाडूतून अनॉर्थोसाइट हा फिकट दगड आणला होता. आणखी एक: प्रज्ञानचं सोलर पॅनल उभं ठेवा. तिथं सूर्य फार वर येत नाही, आडव्या पॅनलला पुरेसं ऊन मिळणार नाही. 2023 च्या गणपतीत चांद्रयानाचे देखावे झाले, तेव्हा कुठं कुठं ते टेबलासारखं आडवं बघितलं आणि जीव तळमळला.

माप एकच धरा, 1:10 तर सगळी 1:10. मग मंगळावरचाच 1997 चा साडेदहा किलोचा सोजर्नर साडेसहा सेंटिमीटरचा होतो आणि 2021 चा 1025 किलोचा पर्सिव्हिअरन्स त्याच्या शेजारी थोराड दिसतो. वेगवेगळ्या मापांची खेळणी गोळा केली की ही मजा जाते.

मोटर घालून चालवायचं असेल तर 1:10 सोडा. साध्या पिवळ्या बीओ (बॅटरीवर चालणाऱ्या) मोटरच सहा-सात सेंटिमीटर लांब असतात, त्या बसवायला मोठं माप लागतं. मोटर, ती चालवणारा ड्रायव्हर बोर्ड वगैरे बेंगळुरूच्या एसपी रोडला किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत मिळतं. कुणी जाणारा असला की यादी द्या. थ्रीडी प्रिंट सगळ्याची काढू नका, फक्त सांध्यांची काढा. नासाच्या साइटवर फायली फुकट आहेत. पीएलए या प्रिंटच्या प्लास्टिकचे भाग उन्हाळ्यात खिडकीत किंवा गाडीत ठेवू नका, वाकतात.

आणि किट. पैसे साठवून घ्यायचंच असेल तर लेगोचा 2023 चा पर्सिव्हिअरन्स, नंबर 42158, घ्या. त्यातलं सस्पेन्शन खरोखर हलतं, हातात घेऊन समजून घ्यायला उपयोगी. 2014 चा छोटा क्युरिऑसिटी, नंबर 21104, त्या रोव्हरवर काम केलेल्या इंजिनिअरच्या आराखड्यावरून आला होता, पण तो आता बंद आहे आणि जुन्या बाजारात भाव फार लावतात. तसला सेट घेताना माहितीपुस्तिका नसली तरी चालेल, ती कंपनीच्या साइटवर मिळते. चाकं मात्र सहाच्या सहा मोजून घ्या.