हिवाळ्यात गावाकडचा रोज एक फोटो काढायचा ठरवलंय, पण चौथ्याच दिवशी सगळं सारखंच दिसायला लागलं. काय करू?

तुम्ही एका प्रश्नात तीन प्रश्न विचारलेत. कॅमेरा कोणता घेऊ, धुक्यातले फोटो मळकट का येतात, आणि शेवटी हळूच टाकलेलं ते वाक्य: "चांगला उजेड असेल त्या दिवशी चार-पाच काढून ठेवले आणि पुढचे दिवस त्यावर भागवलं तर चालेल का?" पहिले दोन झटपट उरकतो. उत्तर लिहायला बसलोय ते तिसऱ्यासाठी, कारण त्यावरून माझं आणि दादाचं अजून वाजतं.

कॅमेरा, जो खिशात आहे तो. पुढे.

धुक्याचं असं आहे की कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून चालतो. तुम्ही पांढरं धुकं दाखवता आणि तो इमानाने त्याचं करडं करून देतो. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट घ्या; कधी दीड स्टॉपही लागतो. फोनवर असाल तर स्क्रीनवर बोट टेकवून तो सूर्याच्या खुणेचा दांडा वर सरकवा. आणि जवळ काहीतरी गडद असू द्या, कुंपणाचा खांब, गाईची पाठ, काहीही. नुसत्या धुक्याचा फोटो म्हणजे न रंगवलेली भिंत. थंडीत बॅटरी लवकर बसते, ती अंगाजवळच्या खिशात ठेवायची. बाहेरून उबदार खोलीत येताना कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करूनच आत आणायचा आणि तासभर उघडायचा नाही, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं. झालं.

आता तिसरा.

डिसेंबर २०१६ मध्ये मी ठरवलं की १ डिसेंबर ते २८ फेब्रुवारी, नव्वद दिवस, रोज सकाळी एकाच जागेवरून एक फोटो काढायचा. जागा साधी होती. शेजारच्या काकांच्या गोठ्यामागचा बांध. समोर त्यांची गवताची गंजी, तिच्यामागे एक वाळकं झाड आणि त्याच्यामागे सूर्य उगवायचा तो उंचवटा. दादा स्पर्धांना फोटो पाठवणारा माणूस, बक्षिसंही मिळवलेला. तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला, "नव्वद वेळा तेच झाड? वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं, बघू.

चौथ्या-पाचव्या दिवशी मलाही तुमच्यासारखंच वाटलं. काही बदलत नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी सगळे फोटो ओळीने लावले तेव्हा पहिल्यांदा दिसलं की गंजी खाली चाललीय. काका रोज एका बाजूने पेंढ्या ओढून जनावरांना टाकत. त्या बाजूला एक पोकळी तयार झाली होती, कोणी दातांनी कडा कुरतडल्यासारखी, आणि ती दिवसागणिक आत जात होती. हे रोज डोळ्यासमोर असून मला दिसलेलं नव्हतं.

मग चाळिसावा दिवस आला. ९ जानेवारी, सोमवार. त्या दिवशी सकाळ काय होती म्हणून सांगू! गंजीच्या प्रत्येक काडीवर दव, कुंपणाच्या तारेत कोळ्याचं जाळं आणि त्यावर थेंबांची माळ, मागून सूर्य. दादा योगायोगाने बरोबर होता. म्हणाला, "आणखी एक काढून ठेव. उद्याला होईल." मी काढला. दोन पावलं डावीकडे सरकून, म्हणजे अगदीच तोच वाटू नये. ही बेइमानीची हुशारी मात्र पूर्ण माझी.

मंगळवारी पहाटे खिडकी वाऱ्याने वाजत होती. मी पांघरूण डोक्यावर ओढलं आणि सोमवारचा दुसरा फोटो एक्केचाळिसावा म्हणून लावून टाकला.

फेब्रुवारी संपल्यावर नव्वदच्या नव्वद छापून घेतले. व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या आणि चिमट्यांनी ओळीने अडकवले, खाली पेन्सिलीने तारीख. शेजारपाजारचे येऊन बघून गेले, छान छान म्हणाले. काका आले ते हात मागे बांधून, एकेका फोटोपुढे थांबत. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एका जागी थबकले, एक पाऊल मागे गेले, पुन्हा पुढे आले.

"हा मंगळवारचा नाही."

मी म्हटलं, "का हो काका?"

"सोमवारी संध्याकाळी वारा फिरला. मी हे तोंड गोणपाटाने झाकलं आणि पलीकडून उपसायला लागलो. इथं उघडंच दिसतंय." मग चष्मा वर सारून अगदी जवळ गेले. "आणि दव कुठलं रे मंगळवारी? रात्रभर वारा होता."

माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार. दादा मागे उभा राहून हसत होता.

काका बरोबरच होते. दव पडायला निरभ्र आकाश आणि शांत हवा लागते. रात्री जमीन आणि गवत उष्णता सोडून गार होतात आणि त्यांना लागून असलेल्या हवेतलं बाष्प त्यांच्यावर उतरतं. वारा असला की वरची उबदार हवा खाली मिसळत राहते, गवत पुरेसं गार होतच नाही. जमिनीलगतच्या धुक्याचंही तसंच. म्हणून संध्याकाळी तारे लख्ख दिसत असतील आणि पान हलत नसेल तर गजर अर्धा तास अलीकडे लावा. दवावर ऊन पडलं की थोड्याच वेळात खेळ संपतो. हे मला काकांनी एका वाक्यात शिकवलं, तेही माझी चोरी पकडताना.

दादाचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: "जगात एकाच माणसाला कळलं. फोटो चांगला आहे ना? मग तारीख कोण बघतो?"

अरे, तारीखच तर बघायची आहे! चांगल्या फोटोंना जगात तोटा नाही. जेमी लिव्हिंगस्टन नावाच्या अमेरिकन माणसाने ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ ला, म्हणजे तो गेला त्या दिवसापर्यंत, रोज एक पोलरॉइड, म्हणजे कॅमेऱ्यातूनच छापून निघणारा फोटो, काढला. त्यातले कितीतरी अगदी साधे आहेत. दादाच्या स्पर्धेत पहिल्या फेरीत बाद होतील असे. पण ते सलग आहेत, त्यामुळे बघताना उठवत नाही. त्यातून निवडक शंभर काढले की तो कुठलाही एक अल्बम झाला.

दुसरी गोष्ट, जिच्यात दादा चक्क हरला. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो हे सगळ्यांना माहीत असतं. दादा म्हणाला, "मग सूर्य लवकर उगवायला हवा. तुझ्या फोटोंवरच्या वेळा चुकल्यात." माझ्या फोटोंत जानेवारीचा पहिला आठवडा उलटेपर्यंत सूर्य उंचवट्यावर डोकं काढायला उशीरच करत होता. २२ डिसेंबरपेक्षा पाचेक मिनिटं तरी मागे. वेळा चुकलेल्या नव्हत्या. त्या दिवसांत एका माध्यान्हीपासून दुसऱ्या माध्यान्हीपर्यंतचा काळ २४ तासांपेक्षा सुमारे अर्धा मिनिट जास्त असतो. एक कारण पृथ्वीच्या अक्षाचा कल. दुसरं म्हणजे जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि कक्षेत सर्वांत वेगाने धावते. त्यामुळे घड्याळाच्या मानाने अख्खा दिवसच पुढे सरकतो. मावळणं लांबतं, पण उगवणंही काही काळ लांबतच राहतं, किती ते जागेवर अवलंबून. "चार-पाच काढून ठेवले" असते तर हे मला कधी दिसलं असतं का?

तुम्ही "इथे फोटो काढण्यासारखं काही नाही" असंही लिहिलंय. विल्सन बेंटली हा अमेरिकेतल्या व्हरमाँटमधला शेतकरी. त्याने १५ जानेवारी १८८५ ला सूक्ष्मदर्शक जोडलेल्या कॅमेऱ्याने हिमकणाचा पहिला फोटो घेतला आणि आयुष्यभरात पाच हजारांवर घेतले. बहुतेक सगळे स्वतःच्याच शेतावर. त्याच्याकडे होतं काय, तर अंगणात पडणारा बर्फ.

आणि कृपा करून म्हाताऱ्यांच्या सुरकुत्यांचे फोटो काढत सुटू नका. गावात दोन दिवस आलेला प्रत्येक जण तेच काढतो. मीही सुरुवातीला काकांच्या हातांचा काढला होता. ते म्हणाले, "हाताचं काय, हातात काय आहे ते काढ." जेम्स रॅव्हिलियस या इंग्रज फोटोग्राफरने १९७२ पासून सतरा वर्षं इंग्लंडच्या उत्तर डेव्हनमधल्या खेड्यांचे फोटो काढले, सत्तर हजारांहून जास्त निगेटिव्ह. तो तिथेच राहायचा, म्हणून त्याच्या फोटोंत माणसं आपापल्या कामात असतात, कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. बरेचसे उजेडाकडे तोंड करून घेतलेले. हिवाळ्याच्या तिरप्या उन्हात हे तुम्हीही करून बघा. पाठीवर ऊन घेऊन काढलेला फोटो सपाट येतो.

आता हे सगळं म्हणताना एक सांगायला हवं. आजारी असाल, घरात अडचण असेल, तर नका उठू. दिवस चुकला तर चुकला. जागा कोरी सोडा आणि पुढच्या दिवसाला त्याचा स्वतःचाच आकडा द्या. एकच जागा धरण्याचा हट्टही माझा आहे, तुम्ही गावभर हिंडलात तरी हरकत नाही. दादाची पद्धत स्पर्धांसाठी ठीक असेल, तेवढं मी मानतो. त्याला सांगू नका.

मी तो एक्केचाळिसावा त्याच दिवशी काढून टाकला. दोरीवर त्या जागी रिकामा चिमटा ठेवलाय. दादा आला की मुद्दाम त्यात काहीतरी अडकवून जातो. सध्या विजेचं बिल आहे.